डेब्रा बोवेन : मतं मोजलीत, आता मोजून दाखवा

कॅलिफोर्नियाच्या सरकारी संहितेतल्या एका कलमात इंटरनेटचं नाव न घेता इंटरनेटचं वर्णन केलेलं आहे. मराठीत ते साधारण असं होईल : ‘कोणाच्या मालकीचं नसलेलं, नफ्यासाठी न चालणारं, सहकारी पद्धतीचं, सर्वांत मोठं सार्वजनिक संगणकजाळं’. कलम १९९३ चं आहे. तेव्हा वेब म्हणजे विद्यापीठांतल्या लोकांचा उद्योग होता. या जाळ्याला पुढे लोक काय म्हणतील याची खात्री नसल्यामुळे बहुधा नावाऐवजी गुणधर्म लिहिले गेले असावेत. विधेयकाचा क्रमांक एबी १६२४ (एबी म्हणजे असेंब्ली बिल, विधानसभेचं विधेयक). ते मांडणाऱ्या डेब्रा बोवेन आदल्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या किनारपट्टीवरून विधानसभेवर निवडून आल्या होत्या. पेशाने वकील, डेमोक्रॅटिक पक्षाच्या.

कॅलिफोर्नियात विधेयकाचा मजकूर, त्यातल्या दुरुस्त्या आणि समितीत कोणी कसं मत दिलं हे सगळं तेव्हाही संगणकावर होतंच. पण ते वेळेत हवं असेल तर खासगी कंपन्यांची भरभक्कम वर्गणी भरावी लागे. लॉबीवाल्यांना ते परवडत होतं, गावातल्या शाळेच्या पालकसंघाला नाही. एबी १६२४ ने काय काय खुलं करायचं याची यादीच दिली : कामकाजाची दिनदर्शिका, प्रत्येक विधेयकाचा मजकूर आणि त्याच्या प्रत्येक दुरुस्तीची आवृत्ती, इतिहास, सद्यस्थिती, समितीच्या कर्मचाऱ्यांनी केलेलं विश्लेषण, मतनोंदी, गव्हर्नरचे नकाराधिकाराचे संदेश, शिवाय राज्याच्या सगळ्या संहिता आणि राज्यघटना.

मेख मात्र पुढच्या अटींत आहे. माहिती पाहण्यासाठी शुल्क लावायचं नाही. आणि कोण काय पाहतंय याची वैयक्तिक माहिती सेवा देण्यापुरतीच ठेवायची, त्यापलीकडे नाही. ही दुसरी अट कमालीची शहाणी होती. कुठला नागरिक कुठलं विधेयक वारंवार उघडतोय हे आमदाराला कळणार असेल तर खुलेपणा उलटा अंगावर येतो. आपल्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं की, कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता कार्यालयाने माहिती स्वतःहून जाहीर करावी. तो कायदा २००५ चा. कलम ४ ची अंमलबजावणी कशी चालते हे कुठल्याही नगरपालिकेच्या संकेतस्थळावर जाऊन पाहावं. एबी १६२४ चाललं, कारण काय द्यायचं, कोणी द्यायचं आणि कोणत्या अटीवर द्यायचं, हे तिन्ही त्यात लिहिलेलं होतं.

सहा वर्षं विधानसभा, मग आठ वर्षं राज्याचं सिनेट. तिथे त्या निवडणूकविषयक समितीच्या अध्यक्ष होत्या. नोव्हेंबर २००६ मध्ये त्या कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट म्हणून निवडून आल्या आणि जानेवारी २००७ ते जानेवारी २०१५ अशी आठ वर्षं त्या पदावर राहिल्या. या पदाच्या नावाने आपल्याकडे नेहमी घोटाळा होतो. अमेरिकेचा केंद्रातला सेक्रेटरी ऑफ स्टेट म्हणजे परराष्ट्रमंत्री. राज्यातला तो नव्हे. राज्यात हे पद म्हणजे मुख्य निवडणूक अधिकारी, कंपन्यांची नोंदणी करणारं कार्यालय, निवडणूक निधीच्या हिशेबांचं दप्तर आणि राज्याचं अभिलेखागार, सगळं एकाच छपराखाली. शिवाय त्या पदावरची व्यक्ती स्वतःच पक्षाच्या तिकिटावर निवडून येते, हे आपल्याला जरा विचित्रच वाटतं. प्रत्यक्ष निवडणूक घेतात ५८ काउंट्या, म्हणजे तिथले जिल्हे. यंत्रं तेच विकत घेतात, कर्मचारीही तेच नेमतात. राज्याच्या हातात हुकमाचं पान एकच : कुठलं यंत्र वापरायला मान्यता द्यायची आणि कुठल्याची काढून घ्यायची.

ते पान बोवेन यांनी कसं खेळलं हे समजायला आधी त्यांची सिनेटमधली दोन विधेयकं पाहावी लागतात. कॅलिफोर्नियात १९६५ पासून नियम आहे की निकालानंतर एक टक्का मतदान केंद्रं चिठ्ठ्या टाकून निवडायची आणि तिथली मतं हाताने मोजायची. उमेदवाराने तक्रार करावी लागत नाही, हे दरवेळी होतंच. एखादी लढत त्या एक टक्क्यात आलीच नाही तर तिच्यासाठी आणखी एक केंद्र घ्यायचं. मोजणीची आगाऊ जाहीर सूचना द्यायची आणि कोणालाही येऊन पाहू द्यायचं.

मोजणीच्या टेबलावर सहसा चौघं असतात. एकजण मतपत्रिका वाचतो, दुसरा त्याच्या खांद्यावरून पाहून वाचलेलं बरोबर आहे ना ते बघतो, बाकीचे दोघं वेगवेगळ्या कागदांवर रेघा ओढतात. पाच रेघांचा गठ्ठा, आपल्याकडे वाणी मोजतो तसाच. दोघांची बेरीज जुळली नाही तर मागे जायचं. केंद्रं निवडायला बऱ्याच ठिकाणी दहा बाजूंचे फासे वापरतात. संगणकाने दिलेला ‘यादृच्छिक’ आकडा खरंच तसा आहे का, हे समोर उभ्या माणसाला कळत नाही. फासा मात्र दिसतो.

टचस्क्रीन यंत्रं आली आणि या नियमातली हवाच निघाली. मतपत्रिकाच नसेल तर हाताने मोजायचं काय? काही ठिकाणी यंत्राच्या स्मृतीतले आकडे पुन्हा छापून तेच ‘मोजले’ जाण्याची सोय झाली. म्हणजे उत्तरपत्रिकेची झेरॉक्स काढायची आणि ती मूळ उत्तरपत्रिकेशी ताडून पाहायची. बोवेन यांच्या २००५ च्या एसबी (सिनेट बिल) ३७० ने हे बंद केलं : एक टक्का मोजणी मतदाराने डोळ्यांनी पाहिलेल्या कागदावरच करायची. पुढच्या वर्षीच्या एसबी १२३५ ने टपाली आणि आगाऊ मतंही त्या मोजणीत आणली.

तो कागद कसा होता तेही सांगायला हवं, कारण आपला व्हीव्हीपॅट डोळ्यांसमोर ठेवून वाचलं तर गफलत होईल. आपल्याकडे चिठ्ठी सात सेकंद दिसते, कापली जाते आणि पेटीत पडते. पेटीत चिठ्ठ्या आपोआप मिसळतात. तिथल्या बहुतेक टचस्क्रीन यंत्रांत थर्मल कागदाचं अखंड भेंडोळं होतं, दुकानातल्या बिलासारखं. त्यातून तीन भानगडी व्हायच्या. भेंडोळं उलटं बसवलं तर काहीच छापलं जात नाही, कारण थर्मल कागदाची एकच बाजू काळी होते. कागद अडकला तर एकावर एक ओळी उमटतात आणि त्या वाचता येत नाहीत. आणि सगळी मतं आलेल्या क्रमानेच राहतात, त्यामुळे कोणी दारात बसून मतदारांचा क्रम टिपला असेल तर गुप्तता संपली. मोजणारा बिचारा कात्री आणि फूटपट्टी घेऊन शेकडो फूट कागद उलगडत बसतो.

पदावर आल्यावर बोवेन यांनी मतदान यंत्रं नखशिखांत तपासण्याची मोहीम हाती घेतली, तिला नाव मिळालं ‘टॉप-टू-बॉटम रिव्ह्यू’. सूत्रं कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे होती, डेव्हिसचे मॅट बिशप आणि बर्कलीचे डेव्हिड वॅग्नर यांच्याकडे. डिबोल्ड, हार्ट आणि सेक्वोया या तीन कंपन्यांच्या यंत्रणा तपासल्या गेल्या. प्रत्येकीसाठी वेगळी पथकं होती : एक मूळ प्रोग्राम ओळ न ओळ वाचणारं, एक यंत्र प्रत्यक्ष फोडून पाहणारं आणि एक कागदपत्रं तपासणारं. अंध आणि अपंग मतदारांना यंत्र कितपत वापरता येतं, हेही स्वतंत्रपणे पाहिलं गेलं. हातात वेळ होता जेमतेम काही आठवडे. कारण राज्याच्या कायद्यानुसार यंत्राची मान्यता काढायची तर निवडणुकीआधी सहा महिने सांगावं लागतं. अध्यक्षपदाची प्राथमिक फेरी ५ फेब्रुवारी २००८ वर ओढली गेली होती, म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दार बंद होणार होतं.

निष्कर्ष २७ जुलै २००७ पासून जाहीर होत गेले आणि ते वाचून काउंट्यांचे रजिस्ट्रार, म्हणजे निवडणूक अधिकारी, हादरले. सेक्वोयाच्या यंत्राचे स्क्रू काढले की कुलपं बाजूला ठेवून आत हात जातो, असं दिसलं. डिबोल्डच्या प्रोग्राममध्ये विषाणूला फिरायला मोकळा रस्ता होता. तो असा : एका यंत्रात शिरलेला विषाणू मतांच्या मेमरी कार्डावर चढतो. मतदान संपल्यावर कार्डं मुख्यालयातल्या मोजणीच्या संगणकात घातली जातात, तिथे तो संगणक बाधित होतो. पुढच्या निवडणुकीला हाच संगणक सगळ्या यंत्रांची कार्डं तयार करतो, की काउंटीतली झाडून सगळी यंत्रं बाधित. इथे इंटरनेटचा संबंधच येत नाही. ‘आमची यंत्रं कशालाच जोडलेली नाहीत’ हे उत्तर म्हणूनच पुरेसं नाही. कार्ड हीच जोडणी.

डिबोल्डचा प्रोग्राम वाचणाऱ्या पथकात अ‍ॅलेक्स हाल्डरमन हे संशोधक होते. २०१० मध्ये भारतीय ईव्हीएमवर जो शोधनिबंध गाजला त्याचे ते सहलेखक. त्यासाठी तपासलेलं यंत्र मुंबईतल्या सरकारी साठ्यातलं निघालं आणि त्या प्रकरणात हैदराबादच्या एका अभियंत्याला मुंबई पोलिसांनी अटक केली. तिकडे सरकारने स्वतः प्राध्यापकांना यंत्रं आणि मूळ प्रोग्राम आणून दिला, इकडे यंत्र मिळवणं हाच गुन्ह्याचा विषय झाला.

शुक्रवार ३ ऑगस्ट २००७ रोजी मध्यरात्र जवळ आली असताना बोवेन यांनी निर्णय जाहीर केला. तिन्ही यंत्रणांची मान्यता काढली आणि त्याच क्षणी अटींसह परत दिली. डिबोल्ड आणि सेक्वोयाची टचस्क्रीन प्रत्येक केंद्रावर एकच, मुख्यतः अपंग मतदारांसाठी. त्या यंत्रांवर पडलेल्या प्रत्येक मताची कागदावरून शंभर टक्के हातमोजणी. बाकी सगळे कागदी मतपत्रिका आणि स्कॅनरवर. हार्टला टचस्क्रीनच्या संख्येची मर्यादा नाही, पण सुरक्षेच्या अटी आहेतच. सगळ्या यंत्रांतला प्रोग्राम पुसून खात्रीच्या प्रतीवरून नव्याने घालायचा. लॉस एंजेलिसच्या इंकाव्होट यंत्रणेचा प्रोग्राम कंपनीने वेळेत दिला नव्हता, म्हणून तिची मान्यता सरळ काढली. ती नंतर स्वतंत्र तपासणी होऊन अटींसह परत मिळाली.

रजिस्ट्रार चिडले, आणि त्यांचं सगळंच चुकीचं नव्हतं. तपासणाऱ्यांना मूळ प्रोग्राम हातात, यंत्र टेबलावर आणि पहारा शून्य. खऱ्या केंद्रावर कोणी स्क्रूड्रायव्हर काढून बसलं तर चार लोक विचारतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडात मतमोजणीचा जो गोंधळ झाला त्यानंतर केंद्र सरकारने आणि राज्याने पैसे देऊन हीच यंत्रं घ्यायला लावली होती, तीही आता गोदामात जाणार होती. या युक्तिवादात एकच भोक आहे. केंद्रावर चार लोक असतात, पण यंत्र गोदामात असतं तेव्हा, कार्डं गाडीतून येतात तेव्हा आणि कंपनीचा माणूस ‘अपडेट’ करायला येतो तेव्हा तिथे कोण असतं? तरी अपंगांच्या संघटनांची तक्रार मला जास्त वजनदार वाटते : तपासणीत तिन्ही यंत्रणा त्यांच्यासाठीही धड नव्हत्या, मग त्यांनाच तेवढी ती का?

या निर्णयांसाठी २००८ चा ‘प्रोफाइल इन करेज’ हा राजकीय धैर्यासाठीचा पुरस्कार बोवेन यांना मिळाला. त्याच वर्षी त्या कोर्टात हरल्याही, आणि हा पराभव त्यांच्या चाहत्यांनी फारसा सांगितलेला नाही. अटींमध्ये त्यांनी आणखी एक कलम घातलं होतं : लढतीतला फरक अर्ध्या टक्क्याहून कमी असेल तर एक नव्हे, दहा टक्के केंद्रांची हातमोजणी करायची. कल्पना योग्यच. चुरस जितकी जास्त तितकी तपासणी जास्त हवी. पण सॅन डिएगो आणि आणखी काही काउंट्यांनी दावा लावला. ऑगस्ट २००८ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की हा सर्वांना लागू होणारा नियम आहे आणि नियम करायचा तर मसुदा प्रसिद्ध करणं, हरकती मागवणं ही रीतसर प्रक्रिया पाळावी लागते. खुल्या कारभाराच्या पुरस्कर्तीने लोकांना विचारण्याची पायरीच गाळली होती. घाई खरी होती, पण म्हणून पायरी गाळता येत नाही. ऑक्टोबरमध्ये त्यांनी तोच नियम तातडीच्या विनियमांच्या रूपाने आणला आणि नोव्हेंबरची निवडणूक त्यावर झाली.

त्याच नोव्हेंबरमध्ये हम्बोल्ट काउंटीत काय झालं ते सावकाश पाहण्यासारखं आहे.

हम्बोल्ट म्हणजे राज्याच्या वायव्य किनाऱ्यावरची, रेडवूडच्या जंगलांची काउंटी. मुख्य गाव युरेका. तिथल्या रजिस्ट्रार आणि काही हौशी नागरिकांनी एक प्रयोग ठरवला होता. अधिकृत मोजणी झाल्यावर सगळ्या मतपत्रिका साध्या कार्यालयीन स्कॅनरमधून पुन्हा घालायच्या, प्रत्येकीवर क्रमांक छापायचा आणि सगळ्या प्रतिमा जाहीर करायच्या. ज्याला हवं त्याने त्या स्वतः मोजाव्यात. एका नागरिकाने त्यासाठी मोजणीचा मुक्त प्रोग्रामही लिहिला. निकाल प्रमाणित होऊन गेल्यावर या दुसऱ्या मोजणीचा आकडा पहिल्याशी जुळेना. शोधता शोधता सापडलं की युरेकातल्या एका केंद्राच्या १९७ टपाली मतपत्रिका अधिकृत मोजणीत नाहीतच.

टपाली मतपत्रिका मुख्यालयात स्कॅनरमधून गठ्ठ्यागठ्ठ्याने जातात. प्रत्येक गठ्ठा म्हणजे एक ‘डेक’. कागद अडकला, आकडा चुकला की तो डेक प्रोग्राममधून काढून टाकायचा आणि पुन्हा स्कॅन करायचा. हे रोजचंच काम. डिबोल्डच्या जेम्स नावाच्या मोजणी प्रोग्रामच्या १.१८.१९ या आवृत्तीत पहिल्या डेकचा क्रमांक एक नसून शून्य होता, आणि काही परिस्थितीत दुसरा एखादा डेक काढला की डेक शून्यही गुपचूप पुसला जाई. सूचना नाही, घंटी नाही. हम्बोल्टच्या डेक शून्यात त्या १९७ मतपत्रिका होत्या.

दोष नवा नव्हता. कंपनीला तो २००४ पासून माहीत होता. तेव्हा उपाय म्हणून सांगितलं गेलं होतं की आधी एक रिकामा डेक शून्य तयार करा, तो काढून टाका आणि मग कामाला लागा. ही सूचना साध्या ईमेलमधून दिलेली. माणूस बदलला की ईमेल त्याच्यासोबत गेलं. नंतरच्या आवृत्तीत दोष दुरुस्तही झाला होता, पण हम्बोल्ट, सांता बार्बरा आणि सॅन लुई ओबिस्पो या तीन काउंट्या जुन्याच आवृत्तीवर होत्या.

बोवेन यांच्या कार्यालयाचा तपास अहवाल मार्च २००९ मध्ये आला. त्यात डेक शून्याहून गंभीर गोष्ट सापडली. प्रोग्राम आपल्या प्रत्येक कृतीची नोंद ठेवतो असं गृहीत होतं, त्या नोंदीला ऑडिट लॉग म्हणतात. तर या लॉगमध्ये डेक पुसल्याची नोंदच व्हायची नाही, काही नोंदींच्या तारखा-वेळा चुकीच्या पडायच्या, आणि लॉगच्या पडद्यावर ‘प्रिंट’ आणि ‘सेव्ह’च्या शेजारी चक्क ‘क्लिअर’ असं बटण होतं. दाबलं की लॉग कायमचा गेला. वहीखात्याच्या प्रत्येक पानावर काडेपेटी चिकटवून ठेवावी तसं हे. केंद्र सरकारच्या तपासणीतून हा प्रोग्राम पास होऊन आला होता, हे विसरू नका. जाहीर सुनावणी झाली आणि महिन्याच्या शेवटी १.१८.१९ ची मान्यता काढली गेली.

त्या १९७ मतांनी कुठलाही निकाल बदलला नाही. म्हणूनच हे उदाहरण चांगलं. हरलेल्या उमेदवाराचा आरडाओरडा नाही, कटाचा आरोप नाही. कागद खोक्यात होता आणि कोणीतरी दुसऱ्या वाटेने मोजला, एवढंच. एक टक्का हातमोजणीने तो दोष पकडला नाही, कारण ते केंद्र त्या एक टक्क्यात आलंच नव्हतं.

मधल्या काळात एक दावाही चालू होता, तो थोडक्यात. ईएसअँडएस कंपनीने पाच काउंट्यांना अपंग मतदारांसाठीची ९७२ यंत्रं विकली. मान्यता एका मॉडेलला होती आणि दिलं गेलं आतून बदललेलं दुसरं. कायद्यात मान्यतेविना बदलाला यंत्रामागे १०,००० डॉलरपर्यंत दंड. बोवेन यांनी नोव्हेंबर २००७ मध्ये दंड आणि परतावा मिळून सुमारे दीड कोटी डॉलरचा दावा लावला आणि २००९ मध्ये तो साडेबत्तीस लाखांवर मिटला. ‘बदल किरकोळ होता’ असं कंपनी म्हणे. असेलही. पण किरकोळ आहे हे विकणाऱ्याने ठरवायचं नसतं.

हम्बोल्टनंतर प्रश्न उरतो : किती मोजलं म्हणजे पुरे? आपल्याकडे एप्रिल २०१९ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर प्रत्येक विधानसभा मतदारसंघात पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजतात. महाराष्ट्रात २८८ मतदारसंघ, म्हणजे १,४४० केंद्रं. राज्यात सुमारे एक लाख केंद्रं धरली तर दीड टक्क्याच्या आत-बाहेर. कॅलिफोर्नियाच्या एक टक्क्यापेक्षा जरा बरंच. पण दोन्ही पद्धतींत एकच खोट आहे. पन्नास हजारांनी जिंकलेल्याला आणि दोनशे मतांनी जिंकलेल्याला एकच माप.

बर्कलीचे संख्याशास्त्रज्ञ फिलिप स्टार्क यांनी यावर ‘रिस्क-लिमिटिंग ऑडिट’ ही पद्धत काढली आणि २००८ मध्ये मरिन काउंटीत ती पहिल्यांदा वापरली गेली. बोवेन यांनी २०१० मध्ये एबी २०२३ हे विधेयक पुरस्कृत करून तिचा पथदर्शी प्रयोग काउंट्यांत सुरू केला. गणित ऐकायला अवघड, वापरायला सोपं आहे. आधी ठरवा : निकाल खरोखर चुकीचा असेल तर तो आपल्या तपासणीतून निसटण्याची शक्यता जास्तीत जास्त १० टक्के चालेल. मग विजयी आणि दुसऱ्या उमेदवारातला मतांचा फरक भागिले एकूण मतपत्रिका, हा आला फरकाचा दर. ४.८ ला या दराने भागा. दर दोन टक्के असेल तर २४०, दहा टक्के असेल तर ४८, अर्धा टक्का असेल तर सुमारे ९६० मतपत्रिका. यंत्राने त्या प्रत्येक मतपत्रिकेत वाचलेलं आणि डोळ्याने दिसणारं जुळलं की थांबायचं. एखादी चूक निघाली तर नमुना वाढवत जायचं, अगदी सगळी मतं हाताने मोजेपर्यंत. एकूण मतं एक लाख असोत की एक कोटी, २४० हा आकडा जवळपास तोच राहतो. हे लोकांच्या पचनी पडत नाही. पण भात शिजला का हे पाहायला पातेलं मोठं असलं म्हणून जास्त शितं चेपत नाहीत.

अडचण दुसरीकडेच येते. आधी कुठल्या खोक्यात किती मतपत्रिका आहेत याची अचूक यादी लागते आणि ती यंत्राच्या आकड्यावरून न करता कागद मोजून करायची असते. फाशांनी निघालेला ‘खोकं १७, मतपत्रिका ८८’ हा पत्ता गाठायला ती यादी हवी. दुसरं, यंत्राने नेमकी ती मतपत्रिका कशी वाचली हे सांगता यायला हवं. जुनी यंत्रं केंद्राची बेरीज सांगत, एकेका मतपत्रिकेचं वाचन देत नसत. म्हणून कॅलिफोर्नियाच्या प्रयोगांत पुष्कळदा सगळ्या मतपत्रिका वेगळ्या स्कॅनरवर पुन्हा घालाव्या लागल्या, म्हणजे हम्बोल्टचीच वाट. राज्यभर ही पद्धत पहिल्यांदा लागू केली ती कोलोरॅडोने, नोव्हेंबर २०१७ मध्ये.

आता बोवेन यांच्या स्वतःच्या कार्यालयातला संगणक. इथे कौतुक आवरावं लागतं. ऑनलाइन मतदार नोंदणी १९ सप्टेंबर २०१२ ला सुरू झाली. वाहन परवान्याचा क्रमांक, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी या सरकारी ओळख क्रमांकाचे शेवटचे चार आकडे द्या, सहीची प्रतिमा वाहन खात्याकडून उचलली जाते. काही आठवड्यांत सहा लाखांहून जास्त लोकांनी ती वापरली. (त्या विधेयकाचे कर्ते सिनेटर लेलँड यी पुढे बोवेन यांच्याच जागेसाठी उभे राहिले आणि २०१४ च्या मार्चमध्ये एफबीआयच्या हाती लागले. निवडणूक सुधारणेचा पत्ता कधीकधी असाही निघतो.)

पण राज्याची एकत्रित मतदार यादी, व्होटकॅल, २००२ च्या केंद्रीय कायद्याने मागितली होती. पहिल्या कंत्राटदाराचं कंत्राट २०१० मध्ये मोडलं, दुसरा २०१३ मध्ये आला, काम पुरं झालं २०१६ मध्ये. तोवर बोवेन निघून गेल्या होत्या. मतदानाच्या दिवशीच नोंदणी करून मत देण्याचा कायदा २०१२ मध्ये झाला होता, पण तो व्होटकॅलवर टांगलेला असल्यामुळे लागू झाला २०१७ मध्ये. पाच वर्षं वाया, केवळ एका डेटाबेसपायी.

निवडणूक निधीचे हिशेब दाखवणारी कॅल-अ‍ॅक्सेस यंत्रणा तर ३० नोव्हेंबर २०११ ला बसली ती महिनाभर उठली नाही. कोण कोणाला किती पैसे देतंय हे महिनाभर कोणाला पाहता येईना. आणि संकेतस्थळ चालू असलं तरी एकेक देणगी शोधता येई, सगळा कच्चा डेटा एकदम हवा असेल तर पाच डॉलर भरून टपालाने सीडी मागवावी लागे. १९९३ मध्ये विधेयकं फुकट जाळ्यावर आणणाऱ्या बाईंच्या कार्यालयात ही सीडी २०१३ पर्यंत चालू होती. पारदर्शकतेसाठी काम करणाऱ्या संस्थांनी पाठपुरावा केल्यावर त्या वर्षी ती थांबली आणि रोज ताजी होणारी एक झिप फाइल उतरवून घ्यायला मिळू लागली.

ती उघडणार असाल तर एक लक्षात ठेवा. आत डझनावारी टेबलं आहेत, टॅबने तोडलेल्या फायलींत. देणग्यांच्या टेबलात प्रत्येक विवरणपत्राला फायलिंग आयडी असतो आणि दुरुस्ती दाखल झाली की त्याच फायलिंग आयडीखाली नवा अमेंड आयडी येतो, जुन्या नोंदी जागच्या जागी राहतात. प्रत्येक फायलिंगचा सर्वांत मोठा अमेंड आयडी तेवढा ठेवायचा, बाकीचे गाळायचे. नाहीतर एकच देणगी दोनदा-तीनदा मोजली जाते, आणि तसे आकडे छापूनही येतात.